त्या रुग्णाचं पुढे काय झालं?

इमर्जन्सी विभागात शिकणाऱ्या एखाद्या रेसिडेंट डॉक्टरला सहज विचारून बघा: गेल्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या ज्या रुग्णांना तुम्ही तपासून, ईसीजी काढून, ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगून घरी पाठवलंत, त्यांचं पुढे काय झालं? बहुतेकांना सांगता येणार नाही. त्यात त्यांची बेपर्वाई नसते. रुग्ण येतो, काही तास विभागात राहतो आणि जातो. कुणी घरी, कुणी वॉर्डात, कुणी थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. त्याच्या खाटेवर तोवर दुसरा आलेला असतो. जो डोळ्यांदेखत दगावला तो तेवढा लक्षात राहतो. बाकीच्यांची हकिगत अर्ध्यावर तुटते, आणि डॉक्टरच्या मनात ती ‘आपलं बरोबर होतं’ अशीच जमा होते, कारण चुकलं असं सांगायला कुणी परत आलेलं नसतं.

मी इमर्जन्सीच्या रेसिडेंटना शिकवते. या प्रशिक्षणातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे: निर्णय घेणाऱ्याला निर्णयाचा निकाल कळत नाही. तो कळवण्याची व्यवस्था उभी करणं हे रुग्णालयाचं आणि अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या संस्थांचं काम आहे. आज ते एखाद्या होतकरू रेसिडेंटच्या हौसेवर सोडलेलं आहे.

इमर्जन्सी मेडिसिन ही वैद्यकशास्त्राची तरुण शाखा आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. पूर्वी कॅज्युअल्टीत उभा असायचा तो रुग्णालयातला सर्वांत नवखा डॉक्टर. ज्याला टाळता येत नाही त्याची तिथे पाळी लागायची. ब्रिटनमध्ये लीड्सच्या रुग्णालयात मॉरिस एलिस यांची कॅज्युअल्टीसाठी कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ, म्हणून नेमणूक झाली ती १९५२ साली. अमेरिकेत अलेक्झांड्रियातल्या जेम्स मिल्स यांनी १९६१ साली काही सहकाऱ्यांसह आपली प्रॅक्टिस सोडून इमर्जन्सी विभागात पूर्णवेळ काम सुरू केलं. रेसिडेंट घडवण्याचा पहिला अभ्यासक्रम सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली निघाला, आणि स्वतंत्र शाखा म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९७९ साली. भारतात ती मान्यता २००९ साली आली. म्हणजे इमर्जन्सीचा डॉक्टर कसा घडवायचा, याचा विचार सलगपणे व्हायला लागून जेमतेम अर्धशतक झालं आहे.

या अर्धशतकात जे झालं ते थोडं नाही. पण जे मोजता येतं त्यावरच सगळं लक्ष गेलं. रेसिडेंटने किती नळ्या घातल्या, किती वेळा पाठीतून पाणी काढलं, याचं लॉगबुक झालं. अमेरिकेतल्या नियमांत ३५ इंट्युबेशन (श्वासासाठी नळी घालणं), १५ लंबर पंक्चर (पाठीतून पाणी काढणं), छातीत १० नळ्या असे आकडे वर्षानुवर्षे ठरलेले होते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा की चार, यावर तिथे अजून वाद चालू आहे. आणि कामाचे तास! १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. रात्रभर तिला रेसिडेंटनीच पाहिलं होतं, वरिष्ठ फोनवर होते. त्यातून चौकशी समिती बसली, १९८९ साली त्या राज्यात रेसिडेंटच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ साली ती देशभर लागू झाली. त्या समितीचे अध्यक्ष बर्ट्रांड बेल मात्र पुढे वारंवार बजावत राहिले, की तासांपेक्षा महत्त्वाची आहे ती देखरेख. लोकांच्या आणि प्रशासनाच्या लक्षात राहिले ते तास, कारण तास घड्याळ बघून तपासता येतात.

थकलेल्या माणसाकडून रुग्ण तपासून घेऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तासांची मर्यादा हवीच. पण पुरेशी झोप झालेला रेसिडेंटही तीच चूक पुन्हा पुन्हा करू शकतो, जर ती चूक होती हे त्याला कधी कळलंच नाही तर.

दोन कामं शेजारी ठेवून बघू. इंट्युबेशन हे इमर्जन्सीतलं सर्वांत धाकधूक लावणारं काम समजलं जातं. नळी श्वासनलिकेत बसली असेल, तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटते. चुकून अन्ननलिकेत गेली असेल, तर रेघ सपाट पडते. चार-सहा श्वासांत निकाल हातात. रेसिडेंट नळी काढतो, मास्कने श्वास देतो, पुन्हा प्रयत्न करतो. शेजारी सीनियर उभा असतो, तो म्हणतो, ‘जीभ जरा डावीकडे सार, आता दिसेल.’ हे काम करता करता माणूस सुधारतो, कारण काम स्वतःच त्याला उत्तर देतं.

आता दुसरं काम. समजा पहाटे सत्तरीला आलेले एक गृहस्थ येतात. वर्षानुवर्षे सिगारेट, रक्तदाबाची गोळी चालू. डाव्या कुशीत अचानक कळ आली, घाम फुटला, एकदा उलटी झाली. लघवीच्या तपासणीत रक्ताचा किंचित अंश. रेसिडेंटला मुतखडा वाटतो. असं वाटण्यात वावगं काही नाही, मुतखडा असाच येतो. वेदनाशामक इंजेक्शन दिलं जातं, तासाभरात दुखणं निम्म्यावर येतं, रक्तदाब ठीक असतो. भरपूर पाणी प्या, दोन दिवसांनी सोनोग्राफी करून दाखवा, असं लिहून त्यांना घरी पाठवलं जातं. नातेवाईक आभार मानून जातात.

या वयात पहिल्यांदाच उठलेली मुतखड्यासारखी कळ ही पोटातल्या महाधमनीला आलेला फुगवटा फुटू लागल्याची खूण असू शकते. सुरुवातीला रक्त पाठीमागच्या भागात दबून राहतं, म्हणून रक्तदाब टिकतो आणि सगळ्यांची फसगत होते. पलंगाशेजारी असलेल्या सोनोग्राफी यंत्राचा प्रोब बेंबीच्या वरच्या बाजूला आडवा धरला, तर मणक्याच्या अगदी पुढ्यात महाधमनीचं धडधडणारं काळं वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त भरला, तर फुगवटा आहे. सरावलेल्या हाताला दोन मिनिटं लागतात.

ते गृहस्थ त्याच दिवशी दुपारी चक्कर येऊन पडले आणि त्यांना जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं, असं धरू. पहाटेच्या त्या रेसिडेंटला हे कोण सांगणार? तो तोवर ड्युटी संपवून झोपलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयातल्यांना त्याचं नाव माहीत नसतं. नातेवाईक दुःखात असतात. महिन्याभराने तसाच दुसरा रुग्ण आला, की आपला रेसिडेंट आणखी आत्मविश्वासाने मुतखड्याचं निदान करतो. मागच्या वेळी ‘बरोबर’ आलं होतं ना! त्याच्या हिशेबी त्याचा अनुभव वाढला आहे.

अनुभवाने माणूस शहाणा होतो हे आपण गृहीत धरतो, पण त्याला अट आहे. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ. एकाचं आयुष्य तज्ज्ञांच्या अंदाजातल्या चुका दाखवण्यात गेलं, तर दुसऱ्याचं अग्निशमन अधिकाऱ्यांसारख्या अनुभवी लोकांच्या अचूक अंतःप्रेरणेचा अभ्यास करण्यात. २००९ साली दोघांनी एकत्र बसून मतभेद तपासले आणि ते एका मुद्द्यावर येऊन थांबले: जिथे परिस्थितीत काही नियमितता असते आणि आपला अंदाज बरोबर आला की चूक हे लवकर व स्पष्ट कळतं, तिथेच अनुभवी माणसाच्या ‘आतल्या आवाजा’वर विश्वास ठेवावा. हवामानखात्याचे लोक उद्या पावसाची शक्यता ३० टक्के म्हणतात, तेव्हा अशा दिवसांपैकी साधारण तितक्याच दिवशी पाऊस पडतो. कारण दुसऱ्या दिवशी आकाश त्यांना उत्तर देतं, आणि ते दररोज देतं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरला हे उत्तर मिळत नाही. तरी तीन वर्षांनी आपण त्याला अनुभवी म्हणतो.

कॅनडातले इमर्जन्सी तज्ज्ञ पॅट क्रॉस्केरी यांनी २००० सालीच हा मुद्दा मांडला होता: इमर्जन्सीत काम करणाऱ्यांना आपल्या निदानाचा निकाल कळण्याची वाटच जणू बंद केलेली असते, आणि त्यामुळे चुका दुरुस्त होत नाहीत. आपल्या शाखेत हे कुणाला नवीन नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

त्याही आधीचा एक माणूस मला राहून राहून आठवतो. अर्नेस्ट कॉडमन हे बॉस्टनचे शल्यविशारद. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक रुग्णाचा उपचारांचा परिणाम कळेपर्यंत माग ठेवावा, आणि परिणाम वाईट असेल तर का, याचा शोध घ्यावा, हे त्यांचं म्हणणं. आज ऐकताना ते इतकं साधं वाटतं! त्या काळात ते बंड ठरलं. मोठ्या रुग्णालयात बढती ज्येष्ठतेवर मिळते, निकालांवर नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. १९११ साली काढलेल्या आपल्या छोट्या रुग्णालयात त्यांनी प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवलं. १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांमागे स्वतःच्या १२३ चुका शोधून त्यांनी त्या छापून जाहीर केल्या. सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. १९४० साली ते गेले, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडलं. त्यांनी मागितली ती गोष्ट मात्र अजून आपण नीट दिलेली नाही.

निकाल कळण्याची एक जुनी वाट शवविच्छेदनाची होती. बॉस्टनच्याच एका रुग्णालयात १९६०, १९७० आणि १९८० या तीन वर्षांतल्या शवविच्छेदनांची तुलना करून १९८३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. तिन्ही काळांत सुमारे १० टक्के रुग्णांत असा मोठा आजार निघाला, जो आधी कळला असता तर उपचार बदलले असते. मधल्या काळात नवी यंत्रं आली तरी हे प्रमाण हललं नव्हतं. पुढे रुग्णालयातली शवविच्छेदनंच घटत गेली, आणि तीही वाट बुजली.

रेसिडेंटांपैकी काही जण आपापल्या परीने धडपडतात. खिशातल्या छोट्या वहीत रुग्णाचे नोंदणी क्रमांक उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुरू व्हायच्या आधी संगणकासमोर उभ्या उभ्या एकेक क्रमांक टाकून बघतात. वॉर्डात फोन लावतात, ‘काल रात्री आमच्याकडून आलेला तापाचा पेशंट, त्याचं निदान काय झालं?’ पलीकडून उत्तर येतं, ‘कुठला? तो आयसीयूत गेला. तिकडे विचारा.’ तिकडे फोन उचलला जात नाही. तेवढ्यात ट्रॉली येते आणि वही खिशात जाते. काही महिन्यांत वहीही सुटते. मी कुणाला दोष देत नाही. आपल्या वेळात, आपल्या खर्चाने आणि कुणाच्याही पाठबळाशिवाय माणूस किती दिवस माग काढील?

याला पर्याय म्हणून सिम्युलेशनकडे, म्हणजे पुतळ्यांवरच्या सरावाकडे, बोट दाखवलं जातं. ऑस्मुंड लेर्डाल यांची रेससी अ‍ॅन ही बाहुली १९६० साली आली. आताचे पुतळे घाम गाळतात, बोलतात, निळे पडतात. अचानक हृदय बंद पडलं तर पथकाने कसं बोलावं, कसं हलावं, हे तिथे फार उत्तम शिकता येतं. पण पुतळा घरी जात नाही. शांतपणे आलेला, शांतपणे गेलेला आणि चार दिवसांनी बिघडलेला रुग्ण त्या खोलीत उभा करता येत नाही. आणि इमर्जन्सीतला जीवघेणा फसवेपणा बहुतेक वेळा तिथेच असतो.

‘आमच्याकडे मृत्यू आणि गुंतागुंतीच्या आढाव्याची बैठक होते,’ असं विभागप्रमुख सांगतात. होते, आणि ती व्हावी. पण तिथे येतात ती गाजलेली प्रकरणं. महिन्यातून एखादी. हजारो निर्णयांपैकी एखाद्याचा निकाल, तोही सगळ्यांसमोर, बहुधा मान खाली घालून ऐकायचा. त्यातून रेसिडेंट काय शिकतो? पकडलं जाऊ नये हे शिकतो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो मी मनापासून गंभीर मानते. निकाल कळला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. उलट बिघडूही शकतं. डोकेदुखीच्या एका रुग्णाला मेंदूतला रक्तस्राव निघाला हे कळल्यावर पुढचे सहा महिने तोच रेसिडेंट डोकं दुखणाऱ्या प्रत्येकाचं सीटी करायला लागतो. निर्णय त्या क्षणी उपलब्ध माहितीवर योग्य होता का, आणि परिणाम चांगला झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नीट विचार करून घेतलेल्या निर्णयालाही वाईट फळ येतं, आणि गलथानपणाही पुष्कळदा पचतो. परिणाम माहीत झाला, की माणसं निर्णयाला त्याच रंगात बघतात. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून हे दाखवलं होतं की, शेवट कळलेल्या माणसाला तो शेवट आधीपासूनच उघड होता असं वाटू लागतं, आणि असं वाटतंय हेही त्याला कळत नाही.

म्हणून निकाल कसा कळवायचा, यावरच सगळं अवलंबून आहे. पहिली गोष्ट, रुग्ण जाण्यापूर्वी रेसिडेंटने आपला अंदाज लिहून ठेवायचा: मला काय वाटतंय, किती खात्री आहे, आणि माझं चुकलं तर बहुधा काय निघेल. दोन ओळी पुरतात. ‘मुतखडा, ८० टक्के, चुकलो तर महाधमनी.’ हे लिहिताना हात थबकला, तर प्रोब उचलला जाईल आणि रुग्ण वाचेल. हा या पद्धतीचा पहिला फायदा, तो निकालाची वाट न पाहता मिळतो. शिवाय आपण तेव्हा काय म्हणालो होतो हे कागदावर असल्यामुळे नंतर मनाला इतिहास बदलता येत नाही. दुसरी गोष्ट, माग काढायचे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. फक्त वाईट निघालेले निवडले, तर रेसिडेंट घाबरट होतो; सगळेच तपासायला लागतो. यादृच्छिक यादीत चांगले निकाल खूप येतात, आणि त्यांतूनच कळतं की आपल्या ‘८० टक्के’ला खरोखर किती अर्थ आहे. तिसरी गोष्ट, ही यादी एकट्याने वाचायची नाही. सोबत असा वरिष्ठ हवा, जो आधी विचारील की तेव्हा तुझ्यापुढे काय होतं, आणि मगच पुढचं पान उलटेल.

चांगल्या निकालांबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. इमर्जन्सीतल्या डॉक्टरच्या कानावर पुढची बातमी येते ती तक्रार म्हणून. तुम्ही पाठवलेला तो परत आला, तुम्ही पाठवलेल्याचं निदान चुकलं. पहाटे ज्या बाळाचा श्वास त्याने सुरू केला, ते बाळ दहा दिवसांनी आईच्या कडेवर बसून घरी गेलं, हे त्याला कुणी सांगत नाही. वॉर्डातल्यांनी ते बघितलेलं असतं, बालरोगतज्ज्ञाचे आभार मानले गेलेले असतात. आपल्या कामाचं फक्त नुकसान दिसणारी माणसं किती वर्षं त्याच उमेदीने उभी राहतील? इमर्जन्सीचे डॉक्टर लवकर करपतात, असं आपण हळहळून म्हणतो. त्यांना त्यांनी वाचवलेली माणसं दाखवायची तसदी मात्र घेत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला असा एक निकाल कळला, तेव्हा ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून यादीतले आणखी रुग्ण मागून घेतले.

गोपनीयतेचं कारण पुढे केलं जातं. रुग्ण तुमच्या ताब्यातून गेला, आता त्याची फाइल उघडायचा तुम्हाला हक्क नाही, असं काही ठिकाणी संगणक विभागच ठरवून टाकतो. कुतूहलापोटी कुणाचीही फाइल चाळणं चुकीचंच आहे. पण ज्याने रुग्ण तपासला, ज्याच्या सहीने तो घरी गेला, त्याने त्या निर्णयाचा परिणाम बघणं ही चौकशी नव्हे, कामाचा भाग आहे. आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेबाबत कडक समजल्या जाणाऱ्या अमेरिकी कायद्यातही डॉक्टर घडवण्याचं प्रशिक्षण रुग्णालयाच्या नेहमीच्या कामकाजात धरलेलं आहे. उघडलेल्या फाइलची नोंद राहू द्या, यादी विभागाबाहेर जाऊ देऊ नका. दार कुलूप लावून बंद करण्याची गरज नाही.

वेळ कुठून आणायचा? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. वॉर्डात जागा नाही म्हणून दाखल झालेले रुग्ण तासन्‌तास इमर्जन्सीतच पडून राहतात, नवे येत राहतात, रेसिडेंटला पाणी प्यायला फुरसत नसते. अशा विभागात ‘हेही करा’ म्हणून आणखी एक फॉर्म लादला, तर तो बनावट भरला जाईल. लॉगबुकांचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. म्हणून हा वेळ ड्युटीच्या तासांत धरला पाहिजे, ड्युटीनंतर नव्हे. आणि माग काढण्याचं यांत्रिक काम संगणकाने करावं. ७२ तासांत परत आलेल्या रुग्णांची यादी अनेक रुग्णालयं आजही काढतात, पण ती गुणवत्ता विभागाच्या फाइलीत जाते. ती त्या त्या रेसिडेंटच्या हातात का जात नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. जे दुसऱ्या रुग्णालयात जातात ते या यादीत येत नाहीत, म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी काहींना फोन करावा लागेल. फोन करणारा आपलं नाव सांगतो आणि विचारतो, ‘परवा तुम्ही आमच्याकडे आला होतात, आता कसं वाटतंय?’ रुग्णांना त्याचा राग येत नाही. ज्यांची तब्येत बिघडत चालली आहे पण परत यायचा धीर होत नाही, असे काही त्या फोनमुळेच परत येतात.

वॉर्डांचंही कर्तव्य यात आहे. रुग्ण वर पाठवताना हँडओव्हर, म्हणजे त्याची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं, नीट व्हावा यासाठी आपण खूप काही केलं, आणि त्याचा उपयोग झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बाल-रुग्णालयांत रेसिडेंटांच्या हँडओव्हरला शिस्त लावल्यावर टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्या, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. माहिती वर जाते तशी एक ओळ खालीही आली पाहिजे: तुम्ही न्यूमोनिया म्हणून पाठवलेल्याला फुप्फुसातली गुठळी निघाली; किंवा, तुम्ही उगाच शंका घेतली असं आम्हाला वाटलं होतं, पण तुमचं बरोबर निघालं. डिस्चार्ज कार्ड तयार होतं त्याच क्षणी त्याची प्रत, ज्याने दाखल केलं त्याच्याकडे आपोआप जावी. यात खर्च नाही म्हणावा इतका थोडा आहे.

आणि हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या २०१५ सालच्या अहवालाचा निष्कर्ष होता की, बहुतेक माणसांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी चुकीचं किंवा उशिरा झालेलं निदान येतं. इमर्जन्सीत आपण डॉक्टर निवडून जात नाही. रात्री तीन वाजता जो असेल तो आपला डॉक्टर. तो पुष्कळदा रेसिडेंटच असतो, आणि त्याने आपल्यासारखे किती रुग्ण पाहिले याहून, त्यांतल्या कितीकांचं पुढे काय झालं हे त्याला माहीत आहे का, यावर आपला जीव अवलंबून असतो. म्हणून ही मागणी रुग्णांनी आणि त्यांच्या संघटनांनीही करायला हवी.

आपल्या हातून चूक झाल्याची बातमी कळल्यावर रेसिडेंटला सांभाळावंही लागतं, हे मात्र कुणी विसरू नये. अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं, की वैद्यकीय चुकीचा पहिला बळी रुग्ण असतो आणि दुसरा ती चूक हातून घडलेला डॉक्टर. निकाल कागदावर टाकून निघून जाणारा विभाग रेसिडेंटला शिकवत नाही, मोडतो. या यादीचा वापर परीक्षेच्या गुणांसाठी, शिक्षेसाठी किंवा कोर्टात करता येणार नाही, असं लेखी अभय पहिल्या दिवशी दिलं पाहिजे. ते नसेल, तर सोपे रुग्ण निवडले जातील, अंदाज नंतर लिहिले जातील, आणि सगळी योजना नावापुरती उरेल.

सुरुवात मान्यता देणाऱ्या संस्थांनी करावी, कारण रुग्णालयं जे तपासलं जातं तेच करतात. निरीक्षक येतात तेव्हा लॉगबुक, ड्युटीचं वेळापत्रक, यंत्रं आणि शिकवणाऱ्यांची हजेरी बघतात. त्यांनी आणखी एक कागद मागावा: प्रत्येक रेसिडेंटची दर महिन्याची माग काढलेल्या रुग्णांची यादी, आधी लिहिलेल्या अंदाजासह. मग कुठल्याही दोन रेसिडेंटना एकेकटं बोलावून यादीतल्या तीन-चार रुग्णांबद्दल विचारावं: काय वाटलं होतं, काय निघालं, त्यानंतर तू काय वेगळं करायला लागलास. उत्तर आलं नाही, तर ती उणीव विभागाच्या नावावर मांडावी, रेसिडेंटच्या नव्हे, आणि पुढच्या वर्षाच्या जागा मंजूर करताना ती धरावी.